फांदीची लांबी

रोगजंतूंचं जिनोम सिक्वेन्सिंग म्हटलं की बोलणं यंत्रापासून सुरू होतं. एका फेरीत किती नमुने वाचले जातात, नमुन्यामागे खर्च किती, अहवाल किती दिवसांत हाती पडतो. हे प्रश्न खरेच आहेत. पण या कामात जसजसं खोल जावं तसतशी एक गोष्ट पक्की होत जाते, की रोगावर नजर ठेवण्याचं यश यंत्रावर ठरत नाही, ते नमुन्याच्या वाटेवर ठरतं. ही वाट पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून बाहेरच्या दिशेने आखत नेली की ती मध्येच कुठेतरी संपते. ती सगळ्यात लांबच्या टोकाकडून आत आणावी लागते. महाराष्ट्राचं असं एक टोक सरकारी कागदावरच नोंदलेलं आहे. लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक एक नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक एक अक्कलकुवा, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. सरदार सरोवराच्या बुडितात राज्यातली ३३ गावं आली, त्यांत पाणी पहिल्यांदा शिरलं ते या गावात, १९९३च्या पावसाळ्यात. धरणाची भिंत गुजरातेत केवडियाला, ती इथून जवळ. जिल्ह्याचं गाव मात्र सातपुडा ओलांडून, तापीच्याही पलीकडे. तरीही निवडणूक आली की मतदान यंत्र ठरल्या दिवशी इथे पोचतं आणि ठरल्या वेळी परत जातं. म्हणजे मणिबेलीपर्यंत वस्तू नेणं-आणणं शासनाला जमत नाही असं नाही. तापाच्या रुग्णाचा नमुना त्याच काटेकोरपणे का निघू नये, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी सिक्वेन्सिंग नेमकं काय सांगतं ते आधी पाहायला हवं.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संशोधकांनी देशभरच्या पोथ्या समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. नक्कल करणाऱ्याच्या हातून जो बदल एकदा झाला, तो त्या पोथीवरून उतरवलेल्या पुढच्या सगळ्या पोथ्यांत उतरत गेला. म्हणून समान चुकांवरून पोथ्यांची कुळं लावता आली. जंतूंच्या बाबतीत आम्ही करतो ते याहून वेगळं नाही. करोनाच्या विषाणूचा जिनोम जवळपास तीस हजार अक्षरांचा. माणसामाणसांतून पसरत जाताना त्यात महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलून टिकतात. पोलिओच्या विषाणूचा जो तुकडा वाचतात तो नऊशेच्या आसपास अक्षरांचा, आणि तो वर्षाला सुमारे एक टक्का बदलतो. क्षयाचा जंतू मात्र अतिशय सावकाश चालतो: ४४ लाख अक्षरं, आणि दोन वर्षांत सरासरी एखादा बदल. हे बदल मोजून वंशवृक्ष काढतात. त्या वृक्षावर कोणती फांदी कुठून फुटली हे सगळेच पाहतात; फांदी किती लांब आहे याकडे मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसं कुणी पाहत नाही. माझं म्हणणं सगळं त्या लांबीवर उभं आहे. दोन नमुन्यांमध्ये पुष्कळ बदलांचं अंतर असेल, तर मधल्या काळात तो जंतू कुठल्या तरी शरीरांतून फिरत होता आणि त्यातलं एकही शरीर आपल्या नोंदीत आलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. जंतूचा जिनोम जंतूबद्दल सांगतोच, पण आपण कुठे पाहिलं नाही तेही सांगतो.

पोलिओच्या मोहिमेने हे सूत्र अगदी नियम म्हणून वापरलं. एखाद्या विषाणूचं त्याच्या जवळात जवळच्या ज्ञात नातेवाइकापासूनचं अंतर दीड टक्का किंवा जास्त निघालं, तर त्याला अनाथ विषाणू म्हणायचं आणि त्या भागातल्या निगराणीतच भोक आहे असं धरून चालायचं. मग प्रश्न विषाणूला विचारला जात नसे, यंत्रणेला विचारला जाई. मुंबईच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरने या कामाचा मोठा भार वर्षानुवर्षं वाहिला. पण तिथे नमुना पोचायचा कसा? पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की पोलिओ वाटो न वाटो, त्याची खबर वर जायची; लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, निदान चोवीस तासांच्या अंतराने दोनदा शौचाचा नमुना घ्यायचा; तो बर्फात ठेवून, लस ज्या थंड साखळीने खाली येते त्याच धर्तीवरच्या साखळीने उलट वर पाठवायचा. देशातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आजारी पडला आणि २७ मार्च २०१४ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. विषाणू आढळत नाही म्हणजे तो खरोखरच उरलेला नाही, असं जगाला छातीठोकपणे सांगता आलं ते केवळ मुंबईतल्या यंत्रांमुळे नाही. ज्या गावांत रोग नव्हता तिथूनही नमुने येत होते, म्हणून ‘नाही’ या उत्तराला वजन आलं.

आता नंदुरबार जिल्ह्याकडेच पाहू. जंतूंच्या जागतिक वंशवृक्षावर या जिल्ह्याचं नाव आहे, आणि ते नवापूरमुळे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात असल्याचं जाहीर झालं. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने नवापूर आणि जळगावच्या कोंबड्यांतल्या एच-५-एन-१ विषाणूंचा संपूर्ण जिनोम वाचून प्रसिद्ध केला. आठ तुकड्यांत मांडलेला हा जिनोम २००५ साली चीनमधल्या चिंगहाय सरोवरावर जंगली पक्षी मेले त्या कुळातला निघाला. तेच कुळ त्या हिवाळ्यात आशियातून युरोप-आफ्रिकेकडे पसरत होतं. रोग इथल्या कोंबडीतच उपजला की बाहेरून आला, या वादात बाहेरून आल्याच्या बाजूला त्यामुळे आधार मिळाला. लाखो पक्षी मारावे लागले, पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं, पण त्या उद्रेकात माणसाला लागण झाली नाही. नवापूरचा विषाणू वाचला गेला तो का, हे इथे महत्त्वाचं. नवापूर सुरत-धुळे महामार्गावर आहे, रेल्वेवर आहे. त्याचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पोल्ट्री एकमेकींना खेटून, आणि मरण हजारोंच्या हिशेबात. ते न दिसणं शक्यच नव्हतं. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नर्मदेकाठच्या पाड्यात दहा-बारा कोंबड्या मेल्या तर ते कुणाच्या दफ्तरात जाणार? या दोन जागांमध्ये जंतूंच्या दृष्टीने काहीच फरक नाही. फरक आहे तो रस्त्याचा आणि मेलेल्या पक्ष्यांच्या बाजारभावाचा.

पहिला आक्षेप यावर असा येतो की सिक्वेन्सिंगचं उत्तर नेहमी उशिराच येतं; साथ येऊन जाते आणि मागाहून तिची वंशावळ छापली जाते. डेल्टाचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं, आणि ते बिनतोड आहे. डेल्टा ज्यातला, त्या बी.१.६१७ या कुळाचे भारतातले सुरुवातीचे नमुने ऑक्टोबर २०२०चे. सिक्वेन्सिंगच्या प्रयोगशाळांचं जाळं, इन्साकॉग, उभं राहिलं डिसेंबरात, दहा प्रयोगशाळांनिशी. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले, २२ तारखेला तिथे पुन्हा टाळेबंदी लागली. केंद्राने ‘डबल म्युटंट’ची गोष्ट जाहीर केली २४ मार्चला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिलं ३१ मेला, तोवर दुसरी लाट देशभर माणसं नेऊन मोकळी झाली होती. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की यातून सिक्वेन्सिंग निरुपयोगी ठरत नाही. विषाणूचा वाचलेला जिनोम एकटा काही बोलत नाही. तो कोणत्या तालुक्यात किती टक्के आहे आणि गेल्या महिन्यात किती होता, हे कळलं तरच धोका दिसतो. आणि त्यासाठी सगळ्या जिल्ह्यांतून, नियमाने, आधी ठरवून घेतलेले नमुने लागतात. बाधितांपैकी पाच टक्के नमुने वाचायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात मजल त्याच्या जवळपासही गेली नाही. उशीर वाचनात झाला त्याहून जास्त तो निवडीत आणि वाहतुकीत झाला. शहरातल्या दवाखान्यांतून सोयीने आलेले नमुने शहराचंच चित्र दाखवतात, आणि त्यावरून राज्याचं चित्र रंगवणं ही आमच्या क्षेत्राची जुनी खोड आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ज्या गावात डॉक्टर पाण्यावरून येतो, जिथे तरंगत्या दवाखान्याची बोट हाच मोठा आधार, तिथल्या तापाने फणफणलेल्या बाईला जिनोम काय कामाचा? तिला गोळी द्या, सलाइन द्या, मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत वाहन द्या. हा आक्षेप मला पटतो, आणि ज्याला पटत नाही त्याने या कामात पडू नये. औषधाच्या पैशातून यंत्र घ्यायचं असेल तर ते घेऊ नये. पण औषध कोणतं द्यायचं, हेच पुष्कळदा जंतूच्या जिनोममध्ये लिहिलेलं असतं. आशा ताईच्या पिशवीत मलेरियाची झटपट चाचणी असते. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियाची रेघ उमटते ती परजीवीच्या एचआरपी-२ या प्रथिनामुळे. काही परजीवींमध्ये ते प्रथिन घडवणारं जनुकच गळून गेलेलं असतं. मग रक्तात जंतू भरलेले असूनही पट्टी कोरी राहते आणि रुग्णाला मलेरिया नाही असं सांगून घरी पाठवलं जातं. हे पेरूमध्ये २०१०मध्ये लक्षात आलं. एरिट्रियात असे परजीवी इतके बोकाळले की २०१६मध्ये त्या देशाला चाचणीच बदलावी लागली. भारतात असे परजीवी सापडले आहेत, पण प्रमाण कमी आहे. ते कमीच राहिलंय की वाढतंय, हे ज्या गावांत मायक्रोस्कोप नाही आणि सगळा भरवसा पट्टीवर आहे, त्याच गावांतल्या नमुन्यांवरून कळणार. शहरात पट्टी चुकली तर दुसरी तपासणी हाताशी असते. मणिबेलीत पट्टी हीच पहिली आणि बहुधा शेवटची तपासणी. म्हणजे जिनोमची गरज जिथे सुविधा कमी तिथे अधिक आहे, उलटी नाही.

क्षयाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि सातपुड्यात ती ऊसतोडीशी बांधलेली आहे. दिवाळीनंतर अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत तोडीला जातात आणि उसाच्या फडाशेजारी झोपड्यांत दाटीने राहतात. उपचार सुरू झाला एका राज्यात, गोळ्या संपल्या दुसऱ्यात. मग औषधोपचार पुरा केलेला माणूस पुन्हा खोकत आला की त्याच्या कार्डावर ‘पुन्हा उद्भवला’ असा शेरा पडतो, आणि त्यामागे हलक्या आवाजात ‘गोळ्या खाल्ल्या नसतील’ असा आरोपही असतो. पहिल्या आजाराच्या वेळचा जंतू जपून ठेवलेला असेल तर सिक्वेन्सिंग या आरोपाचा निवाडा करू शकतं. दोन्ही जंतूंत पाचाहून कमी अक्षरांचा फरक असेल, तर तोच जुना आजार उलटला, उपचार कमी पडला. फरक शेकड्यांत असेल, तर जुना आजार उलटलेला नाही, माणसाला नव्याने, दुसऱ्या कुणाकडून लागण झाली. पहिल्या स्थितीत रुग्णाकडे पाहायचं, दुसरीत त्याच्या राहण्याच्या जागेकडे. कोणत्या अक्षरबदलामुळे कोणतं औषध चालत नाही याची सविस्तर यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये प्रसिद्ध केली आहे, त्यामुळे एकाच वाचनात औषधाचीही दिशा मिळते. आणि जंतूचं कूळ राज्याची सीमा मानत नाही. बारडोलीचा फड आणि नर्मदेकाठचा पाडा एकाच फांदीवर दिसले, तर दोन राज्यांच्या दोन वह्यांत विभागलेली साथ एकच होती हे कुणाला नाकारता येणार नाही. अर्थात इथे एक सावधगिरी हवी. जिनोम नातं दाखवतो, कुणाकडून कुणाला गेलं ती दिशा खात्रीने दाखवत नाही. मधले रुग्ण नोंदले गेले नसतील तर सर्वांत कमी फरकाचे दोन जंतूही थेट एकमेकांना दिलेले असतीलच असं नाही. अहवाल लिहिणाऱ्याने हे स्पष्ट शब्दांत लिहायला हवं, कारण गावात त्याचा अर्थ ‘यानेच आणला’ असा व्हायला वेळ लागत नाही.

मग नमुना आणायचा कसा? घशातला स्वॅब घेतला तर तो द्रवाच्या नळीत बुडवून दोन ते आठ अंश तापमानात ठेवावा लागतो, आणि तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचला नाही तर उणे सत्तर अंशांचा फ्रीझर शोधावा लागतो. तीन आवरणं, बर्फाच्या पिशव्या, डब्यावर चिठ्ठी. पावसाळ्यात वारा सुटला, पाणी चढलं की बोट सोडणं धोक्याचं. तेव्हा बर्फ वितळतो आणि विषाणूचा आरएनए तुटत जातो. असा नमुना यंत्रावर चढवला की जिनोममध्ये मोठी भगदाडं पडतात, आणि नेमकं जे अक्षर पाहायचं ते भगदाडात गेलेलं असतं. पण सगळ्याच नमुन्यांना बर्फ लागत नाही. मलेरियासाठी बोटाच्या रक्ताचा थेंब जाड गाळणकागदावरच्या वर्तुळात पडू द्यायचा, वर्तुळ मागच्या बाजूनेही लाल दिसेपर्यंत. मग तो कागद माशा बसणार नाहीत अशा जागी, सावलीत, आडवा ठेवून काही तास पूर्ण वाळवायचा, आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर झिपच्या पिशवीत बंद करायचा. एवढं केलं की तो पिशवीतून, बोटीतून, जीपमधून आठवडेभर फिरला तरी परजीवीचा डीएनए शाबूत राहतो. विषाणूंसाठीही असे द्रव मिळतात जे जंतू मारून आरएनए टिकवतात. नमुना मग नेणाऱ्याला धोक्याचाही राहत नाही. शहरांत आता सांडपाण्यातून जंतू शोधतात आणि ते उत्तम काम आहे. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा शोध कित्येक वर्षं घेतला गेला. पण ज्या गावात गटारच नाही, त्याला या पद्धतीत जागा नाही, हे नियोजन करणाऱ्याने विसरू नये.

काहींचं म्हणणं पडतं की यंत्रच तिकडे न्या. २०१५मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत शास्त्रज्ञ हातात मावणारं, शंभर ग्रॅमही वजन नसलेलं सिक्वेन्सर सुटकेसमधून घेऊन गेले आणि नमुना हाती आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्यांनी जिनोम वाचून दाखवले. तो पराक्रमच होता. पण साथ पेटलेली असताना धावून जाणं वेगळं आणि वर्षानुवर्षं नजर ठेवणं वेगळं. त्या यंत्राला लागणारी रसायनं थंडीत जपावी लागतात, हात सरावाचा लागतो, आणि महिन्यातून चार नमुन्यांसाठी तो सराव टिकत नाही. माझ्या मते यंत्राची जागा नंदुरबारला, जिथे २०२०पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढे सगळा पैसा आणि सगळं डोकं नमुना घेणाऱ्या हातांवर आणि त्या हातांपर्यंतच्या वाटेवर खर्च व्हावं.

शेवटचा आक्षेप मालकीचा. ज्या गावाची जमीन पाण्याखाली गेली, बुडिताचं पाणी कुठवर आलं याची नोंद करून घेण्यासाठीही ज्याला झगडावं लागलं, त्याने पुन्हा रक्ताचे थेंब द्यायचे आणि त्याच्या बदल्यात काय? हा संशय जागतिक पातळीवरही वाजवी ठरलेला आहे. आमचे नमुने घेऊन लस बनते आणि आम्हालाच ती परवडत नाही, म्हणून इंडोनेशियाने २००७च्या सुमारास बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं होतं. त्या भांडणातून २०११मध्ये फ्लूच्या नमुन्यांच्या लाभवाटपाची आंतरराष्ट्रीय चौकट ठरली. दुसरीकडे हैतीत २०१०मध्ये कॉलरा पसरला तेव्हा तो कुठून आला हे कुणी कबूल करेना. जंतूचा जिनोम नेपाळच्या जंतूंशी जुळला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीकडे बोट गेलं, आणि २०१६मध्ये महासचिवांना हैतीच्या लोकांची माफी मागावी लागली. म्हणजे हे वाचन दुबळ्याच्या बाजूनेही साक्ष देऊ शकतं, पण त्यासाठी ती माहिती दुबळ्याच्या हातात असावी लागते. अक्कलकुवा अनुसूचित क्षेत्रात येतं. पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला स्थान दिलं आहे. नमुने घेण्याआधी ग्रामसभेपुढे, तिच्या बोलीत, काय वाचणार आणि काय वाचणार नाही हे मांडलंच पाहिजे. थुंकीच्या नमुन्यात जंतूबरोबर माणसाचाही डीएनए येतो. तो गाळून नष्ट करायचा. जिनोम जागतिक संग्रहात ठेवताना गावाचं नाव देऊ नये, जिल्हा पुरे. चाळीस घरांच्या पाड्यात वय आणि लिंग लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच होतं.

नमुन्यांचं वेळापत्रक ऊसतोडीच्या वेळापत्रकाला बांधायला हवं. माणसं होळीला डोंगरात परततात, काही तोड संपल्यावर एप्रिल-मेमध्ये. त्या काही आठवड्यांत पाडे भरलेले असतात आणि बोट बेभरवशाची झालेली नसते. तेव्हा ताप आणि दोन आठवड्यांहून जुना खोकला असणाऱ्या प्रत्येकाचा नमुना घ्यावा, आणि दिवाळीनंतर माणसं निघण्याआधी पुन्हा. एका फेरीत काही सापडलं नाही तर तीही नोंद वर पाठवावी. आशा ताई आणि अंगणवाडी ताई हे करतील, पण त्यांच्या मूळ कामात भर घालून नाही. प्रत्येक नमुन्याचा मोबदला वेगळा, आणि बोटीचा खर्च त्यांच्या खिशातून नाही. नंदुरबारहून उत्तर पाऊस लागण्याआधी गावात परत यावं: कोणता जंतू होता, कोणतं औषध चालेल, आणि फांदीच्या लांबीवरून दिसतं ते, की हा आजार आपल्या नजरेआड साधारण किती काळ फिरत होता. तिसरं उत्तर गावाइतकंच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडलं पाहिजे, कारण त्याचा जाब गावाने द्यायचा नाही, त्यांनी द्यायचा आहे.